बान आला त्या दिवशी

मी तेव्हा भवानीपूरच्या एका मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत होते, आणि कलकत्त्याबद्दल आपल्याला सगळं ठाऊक आहे असा माझा समज होता. माझा जन्म तिथलाच. आजोबा रेल्वेच्या नोकरीसाठी नागपूरहून आले आणि तिथलेच होऊन गेले. आमच्या मराठी मंडळात कुणाकडे पाहुणे आले, की त्यांना शहर दाखवायचं काम आपसूक माझ्याकडे यायचं. मी ते आनंदानं करायचे. खरं सांगायचं तर जरा मिरवायचेच.

चोपन्न साली, पूजेची धामधूम संपून कोजागिरीही झाली होती, तेव्हा शारदावहिनींनी वृंदाचा विषय काढला. शारदावहिनी म्हणजे आमच्या गल्लीतल्या डॉक्टरांच्या पत्नी. पन्नाशीला आलेल्या, अंगानं भरपूर आणि मनानं त्याहून.

"अगं मीनाक्षी, त्या पोरीला एक दिवस बाहेर काढू या. चार महिने झाले येऊन. कालीघाटाचं देऊळ आणि भाजीबाजार सोडून तिनं काही पाहिलेलं नाही."

वृंदाला मी मंडळात दोनतीनदा पाहिलं होतं. पंचविशीची, सावळी, काटक. तिचा नवरा श्रीकांत तारखात्यात होता, पुण्याहून बदलून आलेला. ती दाराजवळ, चपलांच्या ओळीशेजारी बसायची. कुणी काही विचारलं तर "हो", "नाही", "छान आहे" एवढंच. हिंदी तिला जेमतेम समजायची, बंगाली अजिबात नाही. कुणीतरी एकदा तिला माहेर कुठलं म्हणून विचारलं होतं, तर ती "कोकणातलं" म्हणाली आणि पाणी प्यायला उठून गेली. मी मनात तिची नोंद करून टाकली होती: भित्री आहे, मुलखात नवी आहे, हिला सांभाळून न्यावं लागेल.

कोजागिरीनंतर तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता आम्ही ट्रामच्या थांब्यावर भेटलो. श्रीकांत तिला पोचवायला आला होता. "उतरताना घाई करू नकोस. गर्दीत ताईंचा हात सोडू नकोस," अशा त्याच्या सूचना चालल्या होत्या. मग त्यानं आवाज खाली केला आणि आणखी काहीतरी सांगितलं. ते मला ऐकू आलं नाही. वृंदानं मान हलवली, पण तिचा चेहरा उतरला.

ट्राम सुटली तशी मी सुरुवात केली. हा रस्ता कधी झाला, हे मैदान एवढं मोकळं का ठेवलं, किल्ल्यातून तोफा कुठपर्यंत पोचत. शारदावहिनी मधेमधे "हो का?" म्हणत. त्यांनी हे सगळं माझ्याकडून आठदहा वेळा ऐकलं होतं. वृंदा खिडकीतून बघत राहिली. हावड्याच्या पुलावर आम्ही पायी गेलो. अकरा वर्षांचाच पूल तेव्हा, आम्हां कलकत्तेकरांना त्याचा कोण अभिमान! मी तिला वर बघायला सांगितलं, त्या लोखंडाच्या कमानीकडे. ती कठड्यावरून वाकून खाली बघत होती.

"ताई, पाणी किती गढूळ आहे. आणि किती जोरात जातंय."

"अगं, पाणी काय, ते तुला कुठेही दिसेल. हा पूल बघ."

तिनं मुकाट्यानं मान वर केली.

चांदपाल घाटावरून आम्ही बोटॅनिकल गार्डनला जाणारी स्टीमर पकडली. तिथेही तेच. मी एकेका इमारतीकडे बोट दाखवत होते आणि वृंदा दोन्ही हातांनी गज धरून पाण्याकडे टक लावून उभी होती. मला थोडा रागच आला. एवढ्या हौसेनं आपण दाखवतोय, आणि हिला रस नाही.

"ताई," ती एकदम म्हणाली, "त्या घाटाच्या पायऱ्या बघा. ओली रेघ किती वर आहे. एवढं चढतं इथे पाणी?"

हा प्रश्न माझ्या विषयातला होता, त्यामुळे माझा राग गेला. मी तिला सांगितलं, की समुद्र इथून खूप लांब असला तरी भरती हुगळीतून पार वरपर्यंत येते. आणि अमावास्या-पौर्णिमेच्या आसपास, त्यातून आश्विनात, भरतीचं पाणी भिंतीसारखं उभं राहून नदीतून वर धावत येतं. त्याला इथले लोक बान म्हणतात.

"मग आज येईल का?"

"येईलही. पण पेपरात भरतीची वेळ दिलीय. पाच वाजून दहा मिनिटं. तोवर आपण म्युझियममध्ये असू."

ती काहीतरी बोलणार होती. पण मी तोवर शारदावहिनींना मेटियाब्रुजमधली नवाबाची जागा दाखवायला वळले होते.

बागेत आम्ही रमलो. तो प्रचंड वड पाहून वृंदा पहिल्यांदा मोकळी हसली. झाडाचं मूळ खोड कधीचंच गेलंय, नुसत्या पारंब्यांवर उभं आहे, हे कळल्यावर शारदावहिनी म्हणाल्या, "म्हणजे माझ्या सासरसारखंच की!" त्यांनी हट्टानं झाडाला पूर्ण फेरी मारायची ठरवली. फेरी काही संपेना. मग वडाखाली बसून दशम्या, बटाट्याची भाजी आणि लिंबाचं लोणचं खाल्लं. लोणचं वृंदानं आणलं होतं. शारदावहिनींनी तीन फोडी खाल्ल्या. हे सगळं होऊन घाटावर पोचतो तो स्टीमर नदीच्या मध्यावर. पुढची थेट पाचला.

"आता?" शारदावहिनींनी विचारलं. "म्युझियम बंद होईल. आणि मला ती ममी बघायचीच आहे."

घाटाला दोनतीन डिंग्या लागलेल्या होत्या. त्यांतल्या एकीवर एक पांढऱ्या दाढीचा नावाडी जाळं दुमडत बसला होता. मी त्याच्याशी बंगालीत बोलले. त्याचं नाव कासेम. पलीकडच्या काठावर सोडायला तो तयार झाला, पण फार खुशीनं नाही.

"आज बान आहे, मा," तो म्हणाला. "भाऊ तापानं पडलाय, मी एकटा आहे. आत्ता लगेच निघालो तर बानाआधी पलीकडे पोचू. पण मध्ये कुठे थांबायचं नाही."

"नाही थांबणार," मी म्हणाले.

ते मी पाळलं नाही. जे झालं त्याचा दोष माझा होता, हे मी तेव्हाही कबूल केलं आणि आजही करते.

डिंगी लांबट आणि अरुंद होती. मध्ये बांबूच्या कामट्यांचं छप्पर. मागच्या टोकाला एक लांब वल्हं दोरीनं अडकवलेलं होतं. होडी वळवायची ती त्यानं, तिथे त्याला हाल म्हणतात. कासेम त्याच हालानं होडी चालवत होता, कारण पुढची दोन वल्ही ओढणारा भाऊ आला नव्हता. आम्ही तिघी मध्ये बसलो होतो. ऑक्टोबरचं स्वच्छ ऊन, पाणी ओहोटीचं, संथ. शिबपूरच्या बाजूला, म्हणजे बागेच्याच काठाला, थोड्या अंतरावर, एक मोठं मालवाहू जहाज साखळदंडांनी बांधून उभं होतं. त्याचा झेंडा लाल-पिवळा होता.

"कुठलं गं ते?" शारदावहिनींनी विचारलं.

आता भूगोलाच्या बाईंना झेंडा ओळखता येऊ नये म्हणजे काय! मी कासेमला म्हटलं, "चाचा, जरा जहाजाच्या मागच्या बाजूनं घ्या. नाव वाचू दे."

"मा, वेळ नाही."

"दोनच मिनिटं. भरती पाचला आहे."

"भरती पाचला, हो. पण बान..." तो बोलत होता. मी ऐकत नव्हते. मी हातानं त्याला दिशा दाखवत होते. त्यानं सुस्कारा सोडला आणि होडी जहाजाच्या मागून आतल्या बाजूला घेतली.

जहाजाच्या पाठीवर पांढऱ्या अक्षरांत नाव होतं आणि खाली बंदराचं नाव. मी मोठ्यानं वाचलं, "बार्सिलोना. स्पेनमधलं बंदर आहे. भूमध्य समुद्रावर." वर कठड्याला टेकून चारपाच खलाशी सिगारेटी ओढत होते. त्यांनी आमच्याकडे बघून हात हलवले. शारदावहिनींनीही हलवला. "काय हरकत आहे?" त्या म्हणाल्या. "एवढ्या लांबून आलेत बिचारे."

तेवढ्यात वृंदा उभी राहिली.

"ताई, पाणी थांबलंय."

"म्हणजे?"

"वाहत नाहीये. बघा, तो पाला जागच्या जागी फिरतोय."

मी पाहिलं. खरंच, पाण्यावरचा पालापाचोळा थबकला होता. आणि मग खालच्या अंगाकडून, वळणाच्या पलीकडून आरोळ्या आल्या. आधी एकदोन, मग काठाकाठानं, एका घाटावरून दुसऱ्या घाटावर उड्या मारत आल्यासारख्या. "बान! बान आशछे! बान!" काठाला लागलेल्या होड्या माणसं भराभर ढकलून नदीच्या मध्याकडे नेऊ लागली.

त्या क्षणी मला सगळं लख्ख समजलं. पाच वाजून दहा मिनिटांनी भरती पूर्ण होणार होती. बान म्हणजे त्या भरतीचं तोंड. ते अडीच-तीन तास आधी येतं. दर वर्षी नववीच्या वर्गात मी हे फळ्यावर आकृती काढून शिकवत असे.

कासेमनं मात्र विचार करत वेळ घालवला नाही. आम्ही जहाज आणि काठ यांच्यामध्ये अडकलो होतो. एका बाजूला लोखंडाची भिंत आणि साखळदंड, दुसऱ्या बाजूला उथळ पाणी, जिथे बान फुटणार. जहाजाच्या मागून फिरून मध्यावर पोचणं हा एकच मार्ग होता, आणि नुसत्या हालावर ते होण्यासारखं नव्हतं. तो छपरावरून उडी मारूनच पुढे गेला, दोन्ही वल्ही पाण्यात टाकली आणि मागे वळून ओरडला, "हाल धोरो! केउ हाल धोरो!"

कुणीतरी हाल धरा. मला शब्द न् शब्द कळला होता, पण माझे पाय हलेनात. शारदावहिनींनी डबा छातीशी धरून डोळे मिटले होते. वृंदाला बंगालीचं अक्षर येत नव्हतं. तिनं पदर कमरेला खोचला, निऱ्यांचा घोळ मागे ओढून घट्ट काष्टा मारला आणि त्या डुलणाऱ्या होडीत कशालाही हात न लावता, आपल्या घरच्या अंगणातून चालावं तशी, मागच्या टोकाला गेली. पाय फाकवून उभी राहिली. हालाची मूठ दोन्ही हातांत धरली, एकदा हलवून तिचा भार पाहिला, आणि पुढच्या क्षणाला होडीचं नाक वळलं.

कासेमनं मागे मान वळवून पाहिलं. काहीतरी सांगायला त्यानं तोंड उघडलं होतं. ते त्यानं मिटलं आणि जीव खाऊन वल्ही ओढायला लागला.

"खाली बसा गो! अगदी तळाशी!" वृंदा ओरडली. तो आवाज मी आधी कधी ऐकला नव्हता. "वहिनी, मध्ये सरका. ताई, कडेला हात ठेवू नका, बोटं चेंगरतील!"

आम्ही शाळेतल्या पोरींसारख्या निमूट बसलो.

जहाजाच्या मागच्या टोकाला वळसा घालताना एक साखळदंड आमच्या डोक्यावरून हातभर अंतरावर गेला. वर खलाशी धावपळ करत होते, कुणीतरी शिट्टी वाजवत होतं. आणि मग तो आवाज आला. लांबून मालगाडी यावी तसा. मी वळणाकडे पाहिलं. नदीच्या दोन्ही काठांना पांढऱ्या फेसाची रेघ धावत येत होती, घाटांवर आदळत, चिखल उडवत. एक रिकामी होडी त्या रेघेनं उचलली आणि काठावर उलटी फेकली.

"फेस काठाला आहे, मध्ये नाही," वृंदा म्हणाली. ती कुणाशी बोलत होती कुणास ठाऊक, बहुतेक स्वतःशीच. "मध्ये नुसती उचल आहे. तोंड द्यायचं तिला. आडवं व्हायचं नाही."

आम्ही मध्यावर पोचलो न पोचलो, तोच पहिली लाट आली. फुटली नाही. नदीच उंच झाली. होडीचं नाक आभाळाकडे गेलं, मला कासेमच्या पाठीमागे नुसतं निळं दिसलं, आणि मग आम्ही दाणकन खाली आलो. पाणी अंगावरून गेलं. त्या दणक्यात कासेमचं डावं वल्हं ज्या दोरीत अडकवलं होतं ती दोरी तुटली. वल्हं पाण्यात गेलं. एकाच वल्ह्याच्या ओढीनं होडी आडवी व्हायला लागली, आणि दुसरी लाट समोर दिसत होती.

कासेमच्या तोंडून "या अल्ला!" निघालं.

वृंदानं हाल पाण्यात खोल घातला आणि सगळ्या अंगाचा भार टाकून तो एका बाजूला रेटला, उचलला, पुन्हा रेटला. तिचे पाय ओल्या फळीवरून घसरत होते. ते पाहून शारदावहिनींनी काय केलं असेल? डबा सोडला, बसल्या जागेवरून सरपटत मागे गेल्या आणि तिच्या दोन्ही पायांना मिठी मारून बसल्या. त्या वजनाला हलवणं बानालाही जमलं नसतं. वृंदाला खुंट मिळाला. तिनं पुन्हा रेटलं. दातांवर दात, मानेच्या शिरा ताठ. होडीचं नाक इंच इंच करत फिरलं, आणि दुसरी लाट आली तेव्हा ते बरोबर तिच्यासमोर होतं.

वर. खाली. तिसरी. मग एक लहान. मग आणखी लहान.

मी डब्याच्या झाकणानं पाणी बाहेर टाकत होते. कधी सुरू केलं ते मला आठवत नाही. आवाज आमच्या मागे, शहराच्या दिशेनं निघून गेला. मी डोकं वर केलं. नदी सगळी काठोकाठ भरली होती आणि उलटी वाहत होती.

तेव्हा जहाजावरून एकच गलका झाला. ते खलाशी कठड्यावर चढून टोप्या हलवत होते, टाळ्या पिटत होते, त्यांच्या भाषेत काहीतरी ओरडत होते. एकानं तर आपली टोपीच आमच्याकडे भिरकावली. ती पाण्यात पडली आणि आमच्या बरोबरीनं वाहत राहिली. वृंदानं त्यांच्याकडे पाहिलं. मग एक हात वर केला. असा, सरळ, मनगट न हलवता, जसा एक नावाडी दुसऱ्याला करतो.

कासेमनं वल्हं आत घेतलं होतं. तो दाढीतलं पाणी निपटत तिच्याकडे बघत बसला होता. "तोमार बाडी कोन घाटे, मा?" त्यानं विचारलं.

"तो विचारतोय, तुझं घर कुठल्या घाटावर," मी सांगितलं.

वृंदानं मनगटानं तोंड पुसलं. तिला धाप लागली होती. मग ती मराठीतच, मोठ्यानं बोलली. "जयगडच्या खाडीवर. आमची तर होती, माणसांना खाडी पार करून देणारी होडी. माझे बाबा तर चालवायचे. भाऊ मुंबईला गेले, मग बाबांबरोबर मीच जायचे. दहाव्या वर्षापासून लग्नापर्यंत." आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "ताई, सांगा त्याला. सगळं सांगा."

मी सांगितलं. कासेमनं मान डोलावली, जणू हे त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं.

"मग एवढे दिवस बोलली का नाहीस?" शारदावहिनींनी विचारलं. त्यांनी तिचे पाय अजून सोडले नव्हते.

"सासरी आवडत नाही. तरीवाल्याची मुलगी म्हणजे... ह्यांनी सकाळीही सांगितलं, माहेरचं काही बोलू नकोस. इथे सगळी डॉक्टर, प्रोफेसर मंडळी."

"डॉक्टर!" शारदावहिनी म्हणाल्या. "आमचे डॉक्टर आज इथे असते तर माझ्या शेजारी बसून रामरक्षा म्हणत असते." आणि त्या रडायला लागल्या, हसायला लागल्या, दोन्ही एकदम. मग मीही. वृंदा काही रडली नाही. ती पाणी बघत होती.

"भरती शहराकडेच ओढतेय," ती म्हणाली. "पलीकडे कशाला जायचं? असंच वर गेलो तर सकाळच्या धक्क्याजवळ पोचू. विचारा त्याला. आणि हाल माझ्याकडेच राहू दे का, तेही विचारा."

कासेम हसला. तुटलेली दोरी गाठी मारून जोडत पुढे बसला आणि हातानं "चला" अशी खूण केली.

तसा नौकाविहार मी आयुष्यात पुन्हा केला नाही. भरतीनं आम्हांला उचलून धरलं होतं. काठावरचं सगळं झपाझप मागे पडत होतं. वृंदा हालाला टेकून उभी होती, ओलं लुगडं अंगाला चिकटलेलं, केसांचा अंबाडा सुटून पाठीवर, आणि मान ताठ.

"ताई," ती म्हणाली, "आता दाखवा. सकाळी माझं लक्ष नव्हतं. आता दाखवा सगळं."

मी दाखवलं. गार्डन रीचचे जुने बंगले दाखवले, खिदिरपूरच्या गोदीचे दरवाजे, क्रेनांच्या माना, तागाच्या गासड्यांनी भरलेले पडाव, त्या मोठ्या मालवाहू होड्या. यावेळी मी सन सांगितले नाहीत. ती विचारत होती तेवढंच सांगत होते, आणि ती खूप विचारत होती. त्या पडावाला किती माणसं लागतात? इथे वारा कुठून येतो? पावसाळ्यात नदी किती चढते? यातल्या निम्म्या गोष्टी मला माहीत नव्हत्या. त्या मी कासेमला विचारून तिला सांगितल्या. मी जन्मल्यापासून ज्या नदीच्या काठी राहत होते, तिची ओळख मला त्या दिवशी एका तारखात्यातल्या कारकुनाच्या बायकोनं आणि एका नावाड्यानं करून दिली.

किल्ल्याच्या पुढे झाडांच्या वर व्हिक्टोरियाचा पांढरा घुमट दिसला. ऊन कलतीला लागलं होतं. "केवढं सुंदर!" वृंदा म्हणाली, पण हाल सोडला नाही.

चांदपालच्या शेजारच्या बाबूघाटाला तिनं होडी अशी लावली, की पायरीला टेकल्याचा आवाजसुद्धा झाला नाही. घाटावर गर्दी होती. बान बघायला आलेली माणसं अजून हलली नव्हती. काष्टा मारलेली बाई होडी आणतेय म्हटल्यावर नावाडी पुढे आले. कासेमनं त्यांना भराभर काहीतरी सांगितलं. ते ऐकून एका म्हाताऱ्यानं कपाळाला हात लावून तिला नमस्कार केला. वृंदा गोंधळली. मग तिनंही वाकून केला.

म्युझियमला तसल्या अवतारात कोण घेणार? ममी राहिली ती राहिलीच. आम्ही मैदानात उन्हाला पाठ करून बसलो, लुगडी वाळवली, आणि तिघींनी मिळून इतके फुचके, म्हणजे तिथली पाणीपुरी, खाल्ले, की फुचकेवाल्यानं टोपली पालथी करून दाखवली.

कालीघाटला वृंदाच्या बिऱ्हाडी पोचलो तेव्हा दिवेलागण होत होती. श्रीकांत जिन्याच्या पायरीवरच बसला होता. बान आल्याची, शिबपूरला होडी उलटल्याची बातमी त्याच्या कचेरीपर्यंत गेली होती. तो उठला. बायकोचे चिखलानं भरलेले पाय, सोललेले तळहात, हे सगळं त्यानं पाहिलं.

"काय झालं?"

मी तोंड उघडलं, पण शारदावहिनी कसल्या थांबतायत! "झालं काय, की तुमच्या बायकोनं आज चार जीव वाचवले. आम्हां दोघींचे, नावाड्याचा आणि स्वतःचा. बानाच्या तोंडावर होडी सरळ धरली हिनं. तरीवाल्याची मुलगी होती म्हणून आम्ही परत आलो. कळलं?"

श्रीकांतचा चेहरा लाल झाला. तो वृंदाकडे बघत राहिला आणि तीही नजर न हलवता त्याच्याकडे. मला वाटलं, आता हा तिला आत बोलावेल, दार लावेल, आणि आपण निघावं.

त्यानं तिचे हात आपल्या हातांत घेतले, उताणे केले, तळव्यांवरचे फोड पाहिले. मग तो वळला आणि समोरच्या बिऱ्हाडाचं दार ठोकायला लागला.

"शरच्चंद्रबाबू! ओ शरच्चंद्रबाबू! बाहेर या!" तो आपल्या मोडक्यातोडक्या हिंदीत ओरडला. "आज मेरी वाइफने बान में नाव चलाया! उसका बाप नाव चलाता था, समुद्र के पास! पूरे गाँव को पार करता था!"

दार उघडलं. शरच्चंद्रबाबू बाहेर आले, त्यांच्या पत्नी आल्या, वरच्या मजल्यावरच्या बायका कठड्यावरून वाकल्या. बानामध्ये? शिबपूरला? कोण, ही? एकाच वेळी सगळे विचारत होते. मी भाषांतर करायला पुढे झाले.

पण वृंदानं मला हातानं थांबवलं. जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर ती चढून उभी राहिली. "जल," ती कानावर पडलेल्या बंगालीत म्हणाली, आणि दोन्ही हात डोक्याच्या वर नेले, "ए-तो बडो!" खाली सगळ्यांनी श्वास रोखला. मग एक पाय मागे रोवून तिनं हवेतला हाल धरला, आणि पुढचं सांगायला सुरुवात केली.